तो "हो" म्हणेपर्यंत थांबू नका: मुंबईत व्यसनी माणसाच्या घरच्यांनी काय करायचं

व्यसनावर जे छापून येतं ते बहुतेक पिणाऱ्याला उद्देशून असतं. हा लेख बाकीच्यांसाठी आहे: बायको, आई-वडील, भावंडं, मुलं, आणि ऑफिसातला तो मित्र, जो दर महिन्याच्या वीस तारखेला "पगार झाला की देतो" हे ऐकून पुन्हा पैसे काढून देतो.

माझा थोरला भाऊ प्यायचा. भांडुपच्या एका खोलीत आई, वहिनी, दोन भाचरं आणि लग्न होईपर्यंत मी, असे सगळे दादाच्या पिण्याच्या वेळापत्रकावर चालत होतो. सरकारी हॉस्पिटलच्या रांगा, व्यसनमुक्तीच्या मिटिंगा, पोलीस ठाणं, पतपेढीची नोटीस, सगळं करून झालं. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. घर सावरायला त्याच्या होकाराची गरज नसते. बहुतेक घरं मात्र त्या होकाराची वाट बघत वर्षानुवर्षं बसतात. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभर सर्वेक्षण करून घेतलं, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूवर अवलंबून असलेल्या साधारण ३८ जणांमध्ये एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो, असं त्यात निघालं. म्हणजे उरलेल्या ३७ जणांच्या घरच्यांनी काय करायचं?

मी "तो" लिहिते आहे, कारण आमच्याकडे तो होता. बाई पीत असेल किंवा गोळ्या खात असेल तर पायऱ्या याच. फक्त घर ते जास्त दडवतं आणि उपचाराला जास्त उशीर करतं. दारूची उदाहरणं जास्त आहेत. गर्द (ब्राऊन शुगर), एमडी, गांजा, खोकल्याचं औषध यात जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

घरात मारहाण होत असेल तर बाकी सगळं सोडा आणि आधी पायरी ५ वाचा.

१. आधी घराची तपासणी, मग त्याची

एक साधी वही घ्या. दोन आठवडे रोज रात्री किंवा सकाळी चार ओळी लिहा: आज काय झालं, पैसे कोणी भरले, त्याच्यासाठी खोटं कोण बोललं, मुलं त्या वेळी कुठे होती, तुम्ही किती झोपलात. शिव्या, रडगाणं, "याला काही लाज नाही" वगैरे लिहू नका. फक्त घडलेलं लिहा. वही त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, नाहीतर सरळ फोनमध्ये लिहा आणि लॉक लावा.

याने दोन कामं होतात. डॉक्टर, समुपदेशक, पुढे लागलाच तर वकील, प्रत्येकजण "कधीपासून, किती, केव्हा" हेच विचारतो आणि त्या क्षणी आपल्याला काही आठवत नाही. दुसरं म्हणजे, घर किती वाकडं झालंय ते आपल्याला आतून दिसत नाही, कागदावर दिसतं. जिन्यावरच्या चपलेच्या आवाजावरून आज किती झाली आहे ते वहिनी ओळखायची आणि त्यावर भाजी गरम करायची की नाही ते ठरवायची. धाकटी भाची रात्री साडेआठला दप्तर शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवायची, कारण एकदा भांडणात तिच्या वह्यांवर आमटी सांडली होती. कोणी सांगितलं नव्हतं तिला. आणि आम्हा सगळ्यांना ते नेहमीचंच वाटायला लागलं होतं, हे जास्त वाईट.

वहीत या गोष्टी शोधा: पाहुण्यांना घरी बोलावणं कधी बंद झालं? आईचं बीपी, तुमचं पित्त, डोकेदुखी कधी वाढली? मुलगा चिडका झालाय की एकदम शहाणा झालाय? अतिशहाण्या मुलाकडे जास्त लक्ष द्या. बारा वर्षांचा पोरगा घरातला बाप होऊन बसला असेल तर ते कौतुकाचं लक्षण नाही.

२. आजाराची तोंडओळख, कामापुरती

"श्रावणात महिनाभर शिवत नाही, मग मी व्यसनी कसा?" हा युक्तिवाद मराठी घरात हमखास ऐकू येतो. महिनाभर थांबता येणं आणि व्यसन नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. गटारीला ढोसायची, श्रावण कसाबसा काढायचा आणि गणपती विसर्जनाच्या रात्री भरपाई करायची, असं वर्षानुवर्षं करणारी माणसं आहेत. किती दिवस थांबला ते मोजण्यापेक्षा, सुरू केल्यावर थांबता येतं का आणि नुकसान दिसत असूनही पितो का, हे बघा.

यात एक खरा धोका आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करणं जिवावर बेतू शकतं, मग कारण श्रावण असो, माळ असो, आईची शपथ असो की तुमची धमकी. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, वेळ-काळ कळेनासा होतो. अशा वेळी देवऋषी बोलावू नका, १०८ ला फोन लावा. गल्लीतल्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून घरी आणणंही बरोबर नाही. पिणाऱ्यांच्या अंगात बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, बऱ्याचदा कमी असतं आणि ते ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं. "हा रोज पितो" हे डॉक्टरला तोंड उघडून सांगा. शरमेने दडवलेलं हे एक वाक्य महागात पडतं.

माळेबद्दल मला आदर आहे. माळ घालून सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. फक्त माळ घालायच्या आधी डॉक्टरला भेटा, मग खुशाल आळंदीला जा.

गर्द घेणाऱ्याचे हाल बंद केल्यावर फार होतात, अंग मोडून येतं, जुलाब होतात. पण तिथे जास्त भीती अति डोसची असते: श्वास मंद, ओठ निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या. त्याला कुशीवर वळवा, १०८ लावा, एकटं सोडू नका. एमडी म्हणजे मेफेड्रोन घेणारा रात्र-रात्र जागतो आणि संशयी होतो. त्याच्याशी वाद घालणं थांबवा, त्यातून काही निघत नाही.

३. पांघरूण काढा, पण माणूस रस्त्यावर टाकू नका

व्यसनाला पैसे लागतात, निमित्त लागतं आणि झाकणारं कोणीतरी लागतं. शेवटची दोन कामं बहुतेक घरचे करतात, प्रेमाने करतात. हळूहळू बंद करायच्या गोष्टी या:

ऑफिसात फोन करून "ह्यांना व्हायरल झालाय" सांगणं. बारची, वाईन शॉपची उधारी भरणं. "बाहेर पडून नाल्यात पडण्यापेक्षा घरात पिऊ दे" म्हणून स्वतः क्वार्टर आणून देणं. रात्री फोडलेलं सकाळी तो उठायच्या आत झाडून टाकणं. सासरच्या-माहेरच्या लोकांना "काम फार आहे हो त्यांना" सांगणं. बाटल्या शोधून मोरीत ओतणं हेही यातच येतं. त्याने दारू सुटत नाही, फक्त लपवायची जागा बदलते आणि तुम्ही पोलीस होऊन बसता.

बंद करायच्या नाहीत अशा गोष्टी: जेवण, औषध, आणि जीव धोक्यात असताना मदत. उलटी होऊन बेशुद्ध पडलेल्या माणसाला "भोग आता" म्हणून सोडणं यात शिस्त वगैरे काही नाही. त्याला कुशीवर वळवा, श्वास बघा.

सगळं एकाच दिवशी बंद करू नका. एक गोष्ट निवडा. वहिनीने ऑफिसच्या फोनपासून सुरुवात केली. बोलायची वेळ सकाळची, तो शुद्धीत असताना, मुलं शाळेत गेल्यावर. रात्री अकराला प्यायलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे दोघांचाही वेळ वाया. वाक्य लहान आणि स्वतःबद्दल ठेवा: "उद्यापासून तुमच्या ऑफिसचा फोन मी उचलणार नाही. काय सांगायचं ते तुम्ही सांगा." एवढंच. त्याच्या बापाचा, खानदानाचा, बावीस वर्षांपूर्वीच्या लग्नातल्या तमाशाचा उल्लेख नको.

जी गोष्ट करणार नाही तिची धमकी देऊ नका. "माहेरी निघून जाईन" दहा वेळा म्हटलं आणि गेलं नाही, तर अकराव्या वेळी त्याला ते पंख्याच्या आवाजासारखं वाटतं.

न प्यायलेल्या वेळेला मात्र चांगली वागणूक द्या. शुद्धीत असला की टोमणे आणि पिऊन आला की काळजी, असं बऱ्याच घरांत उलटं चालतं. शुद्धीत असताना त्याच्याबरोबर चहा घ्या, मुलांना घेऊन बागेत जा. प्यायला की शांतपणे बाजूला व्हा. परदेशात घरच्यांना हेच शिकवणारी पद्धत संशोधकांनी तपासली आहे. चारचौघांत घेरून जाब विचारण्यापेक्षा अशा वागण्याने जास्त माणसं उपचाराला तयार होतात, असं त्यात दिसलं.

४. पैसे आणि कागद

हे कोरडं वाटेल, पण घरं इथेच बुडतात.

तुमचा पगार किंवा शिवणकाम-डब्याचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या, ज्याचं एटीएम कार्ड आणि पिन त्याच्याकडे नाही. यूपीआयचा पिन बदला, रोजची मर्यादा कमी करा. भिशी तुमच्या नावाने असेल तर उचल तुमच्याच हातात मिळेल असं भिशीवालीला सांगून ठेवा. दागिने घरात ठेवू नका.

पतपेढीच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही करू नका. मेव्हणा असो, मित्र असो, सख्खा भाऊ असो. त्याने हप्ते थकवले की वसुली तुमच्या पगारातून होऊ शकते. आमच्या मामांचे हप्ते दादाचं पिणं थांबल्यावरही चालू होते. दुसरं, खोली विकायची किंवा गहाण टाकायची भाषा सुरू झाली की कोणत्याही कागदावर घाईत सही करू नका. आधी कोणाला तरी वाचायला द्या.

या कागदांच्या झेरॉक्स एका पिशवीत घालून माहेरी, बहिणीकडे किंवा भरवशाच्या शेजाऱ्याकडे ठेवा:

- सगळ्यांची आधार कार्डं, रेशन कार्ड
- लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद
- खोलीचे कागद: करारनामा, भाडेपावती, वीजबिल, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जे असेल ते
- बँक पासबुकं, विम्याच्या पॉलिसी, नॉमिनी कोण आहे त्याची नोंद
- त्याचे जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या
- तुमची ती वही

५. हात उचलत असेल तर

"पिऊन मारतो, एरवी देवमाणूस आहे" हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलं आहे की आता मी एकच प्रश्न विचारते: पिऊन तो साहेबाला मारतो का?

लगेचच्या धोक्यात ११२. महिलांसाठी हेल्पलाईन १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, कोणीही त्याखाली दाद मागू शकते. खोली त्याच्या नावावर असली तरी राहत्या घरातून तुम्हाला असंच बाहेर काढता येत नाही, ते संरक्षणही याच कायद्यात आहे. अर्ज थेट कोर्टात किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो.

पोलीस ठाण्यात एकटीने जायला धीर होत नसेल तर स्त्रियांसाठीचा विशेष कक्ष विचारा. टाटा समाज विज्ञान संस्थेने तो १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात सुरू केला. तिथे समाजकार्यकर्त्या बसतात. मार लागून हॉस्पिटलला गेलात तर "जिन्यावरून पडले" सांगू नका. वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये सुरू झालेलं दिलासा केंद्र अशाच बायकांसाठी आहे, आणि पालिकेच्या इतरही काही हॉस्पिटलांत ते चालतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना मोफत वकील मिळतो, आणि त्याला उत्पन्नाची अट नाही.

म्हाताऱ्या आई-वडिलांना त्रास होत असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७. मुलाविरुद्ध तक्रार करायला आईचं मन होत नाही, हे मला ठाऊक आहे. नुसता सल्ला घ्यायला तरी फोन करा.

६. मुलांशी खरं बोला

मुलांना सगळं माहीत असतं. फक्त त्यावर बोलायचं नाही हे त्यांना घरातून शिकवलं गेलेलं असतं, आणि मग ती स्वतःवरच घेतात: मी कमी मार्क पाडले म्हणून पप्पा पितात. त्यांना चार गोष्टी सांगा, त्यांच्या भाषेत: पप्पांना दारूचा आजार आहे. तो तुझ्यामुळे झाला नाही. तो बरा करायचं काम तुझं नाही. भीती वाटली तर अमक्या काकूंकडे जायचं, हा त्यांचा नंबर.

मुलाला बारमधून बापाला आणायला पाठवू नका. "जा, पप्पांच्या खिशात बघ" हे काम देऊ नका. वर्गशिक्षिकेला थोडक्यात कल्पना द्या. चांगल्या बाई जास्त विचारत नाहीत, पण वहीवरच्या डागावरून ओरडतही नाहीत. मुलाला धोका वाटला तर मुलांची हेल्पलाईन १०९८.

७. मित्र आणि सहकाऱ्यांसाठी

थोडक्यात सांगते. रोख उसने देऊ नका. द्यायचंच असेल तर शाळेची फी शाळेत भरा, किराणा घरी पोचवा. त्याचं हजेरीचं कार्ड तुम्ही पंच करू नका. "अरे, एका बिअरने काय होतं" हे वाक्य सोडवून आलेल्या माणसासमोर उच्चारू नका. आणि त्याच्या घरच्यांना भेटत राहा. व्यसनी माणसाच्या घरी लोक येणं थांबवतात, त्याची शिक्षा बायको-पोरांना होते.

८. डॉक्टर, केंद्र आणि फसवणूक

पहिल्या वेळी तुम्ही एकटेच जा. पेशंट सोबत नसला तरी मानसोपचार विभागातले डॉक्टर किंवा समाजसेवक घरच्यांना मार्ग सांगतात. परळचं केईएम, सायन, नायर, कूपर, सरकारी जे. जे., या सगळ्या ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपरचे पैसे नाममात्र असतात, वेळ मात्र भरपूर जातो. सकाळी लवकर पोचा, डबा न्या, कामावर अर्ध्या दिवसाची नाही, पूर्ण दिवसाची सुट्टी टाका. नेहमीच्या ओपीडीत सगळे वार सारखे नसतात, व्यसनाचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात ते खिडकीवर विचारून घ्या.

नुसतं बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाईन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६. दोन्ही फोन मोफत आहेत आणि घरचेही करू शकतात.

सोबत न्यायचं: त्याचं आधार, जुने रिपोर्ट, चालू असलेली सगळी औषधं स्ट्रिपसकट, आणि एका कागदावर ही उत्तरं: काय घेतो, रोज किती, किती वर्षं, सकाळी उठल्या उठल्या लागते का, कधी फिट आली आहे का, काविळ झाली होती का, जीव द्यायची भाषा करतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

भरती करायची वेळ आली तर संस्था आहेत. वांद्र्याची कृपा फाउंडेशन फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केली. पुण्याचं मुक्तांगण डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलं, आणि मुंबईची कितीतरी कुटुंबं तिथेच जातात. तिथे पेशंटच्या बायकांसाठी सहचरी नावाचा वेगळा गट आहे. केंद्र कुठलंही असो, आधी स्वतः जाऊन बघा आणि विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? पहिले काही दिवस रात्री डॉक्टर किंवा नर्स असते का? घरच्यांना भेटू देतात का? घरच्यांसाठी वेगळं सत्र आहे का? शेवटच्या दोन प्रश्नांना "नाही" आलं की चपला घाला आणि निघा.

आता सापळे.

*न सांगता द्यायचं औषध.* लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील: चहात मिसळा, दारू सुटेल. अशा पुडीत काय असतं ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. डायसल्फिरम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळू शकतो. ते पेशंटला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यायचं असतं. चोरून दिलं तर त्याचा जीव जाऊ शकतो, आणि वाचला तर घरचं जेवणसुद्धा तो संशयाने खाईल.

*रात्री येऊन उचलून नेणारी केंद्रं.* चार पहिलवान येतात, हातपाय बांधून गाडीत घालतात आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक विकारही येतात. माणसाच्या मर्जीशिवाय भरती करायची तर त्याला नियम आहेत: त्याच्यापासून त्याला किंवा दुसऱ्याला गंभीर धोका असावा, किंवा त्याला स्वतःची काळजीच घेता येऊ नये, मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य तज्ज्ञाने वेगवेगळं तपासावं, आणि अशी भरती आधी ३० दिवसांपर्यंतच, त्यापुढे पुन्हा तपासणी. साखळदंडाला कायद्याने बंदी आहे.

*"लग्न लावून द्या, सुधारेल."* यावर मी जास्त लिहिणार नाही, कारण हात थरथरतो. तुमच्या घरचा इलाज म्हणून दुसऱ्याची मुलगी वापरू नका.

*पोलिसांच्या भीतीने ड्रग्जचा उपचार टाळणं.* १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच तरतूद आहे: सेवनाच्या किंवा अगदी कमी मालाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढूनही घेतलं जातं. केस झाली असेल तर वकिलाला हे कलम, ६४ अ, विचारा.

९. तुमची स्वतःची मिटिंग

ही पायरी लोक शेवटी ठेवतात. खरंतर ती पहिल्याच आठवड्यात घ्या.

पिणाऱ्यांसाठी जशी अल्कोहोलिक्स अनॉनिमस, तशी घरच्यांसाठी अल-अनॉन. ती १९५१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली आणि मुंबईत तिच्या मिटिंगा चर्चच्या हॉलमध्ये, शाळांच्या वर्गांत भरतात. ड्रग्ज असतील तर नार-अनॉन. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव विचारत नाहीत. मराठी-हिंदीत बोलणारा गट कुठला ते फोन करून विचारा, कारण इंग्रजी मिटिंगमध्ये बसून नुसती मान हलवण्यात अर्थ नाही. चर्चचा हॉल बघून "हे आपल्याकडचं नाही" असं आईला वाटलं होतं. तिथे धर्म कोणी विचारत नाही.

आत काय होतं? लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून माणसं बसतात. एकेकजण बोलतो, कोणी मध्ये तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. चहा-बिस्किट असतं. पहिल्या खेपेला आई काहीच बोलली नाही, शेजारच्या बाईने तिला नुसता रुमाल दिला. तिथे एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर पडते: हे व्यसन तुम्ही लावलेलं नाही, तुमच्या ताब्यात नाही, आणि तुमच्या हातून बरं होणारही नाही. "माझ्याच संस्कारात काय कमी पडलं" म्हणणाऱ्या बाईला हे आत उतरायला बराच काळ लागतो. एक-दोन मिटिंगांवरून मत बनवू नका. एक गट पटला नाही तर दुसरा बघा.

मिटिंग जमत नसेल तर निदान एक माणूस निवडा, ज्याच्याशी खरं बोलायचं. चाळीत किंवा बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत असतंच. तुम्हीच काय ते गप्प असता.

१०. तो थांबल्यावर

सगळ्यांना वाटतं इथे गोष्ट संपते. आमच्याकडे खरी भांडणं नंतर सुरू झाली. इतकी वर्षं घर वहिनीने चालवलं. आता दादाला पगार, निर्णय, टीव्हीचा रिमोट, सगळं परत हवं. मुलं त्याचं ऐकेनात. तो संध्याकाळी अर्धा तास उशिरा आला की आई दारात. त्याचं तोंड हुंगणं, खिसे तपासणं या सवयी आपल्यालाही सोडाव्या लागतात, आणि त्या सहज सुटत नाहीत. एटीएम कार्ड परत कधी द्यायचं, हे समुपदेशकासमोर बसून ठरवा, स्वयंपाकघरात नको.

लग्नाची वरात, हळद, कंपनीची पिकनिक, एकतीस डिसेंबर, गटारी: पहिल्या वर्षी यातलं काय टाळायचं आणि काय लवकर आटपून निघायचं, हे आधी ठरवा. नातेवाइकांना कारण सांगायला बांधील नाही तुम्ही.

आणि घसरला तर काय करायचं, हे तो चांगला असतानाच त्याच्याबरोबर बसून कागदावर लिहा. बऱ्याच जणांचं पाऊल एकदा तरी घसरतं. गर्द किंवा त्या जातीचं काही घेणारा असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, कारण मधल्या काळात शरीराची सवय गेलेली असते आणि जुनाच डोस घातक ठरू शकतो. त्या कागदावर एवढं असू द्या: त्या रात्री मुलं कुठे झोपतील. कार्ड आणि गाडीची चावी कोणाकडे जाईल. त्याच्या मिटिंगमधल्या कोणाला फोन करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी जुना केसपेपर घेऊन ओपीडीला त्याच्याबरोबर कोण जाईल. दोन-तीन दिवस पिणं चाललं असेल तर घरी बंद करायला लावायचं नाही, डॉक्टरकडेच. आणि तुमची मिटिंग ज्या वारी असते त्या वारी तुम्ही जायचं, त्या आठवड्यात तर नक्कीच.